प्लेऑफची लाइनअप बघताना या चुका टाळा

ऑक्टोबरमध्ये प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरचे बाद फेरीचे सामने आले की नव्याने बेसबॉल बघू लागलेली आपली मंडळी लाइनअप, म्हणजे बॅटिंगचा क्रम ठरवणाऱ्या मॅनेजरवर तुटून पडतात. याला खाली का ढकललं, त्याला का बसवलं? वाद जरूर घाला, पण दरवर्षी त्याच चुका ऐकवत नाहीत.

क्रिकेटचा हिशेब इथे लावणं. २०११ च्या वानखेडेवरच्या फायनलमध्ये कोहली बाद झाल्यावर धोनी युवराजच्या आधी उतरला. क्रिकेटमध्ये विकेट पडेपर्यंत बेत बदलता येतो. बेसबॉलमध्ये नऊ जणांचा क्रम सामन्याआधी अंपायरला दिला की तोच फिरत राहतो. बदली बॅटर बाहेर गेलेल्याच्याच क्रमांकावर खेळतो आणि बाहेर गेलेला त्या सामन्यात परत येत नाही.

२०१२ मध्ये न्यूयॉर्क यांकीज आणि बाल्टिमोर ओरिओल्स या संघांच्या प्लेऑफ मालिकेतला तिसरा सामना आमच्या न्यू जर्सीच्या घरी बरेच जण जमून बघत होतो. नववी इनिंग, यांकीज १-२ ने मागे. यांकीजचा मॅनेजर जो जिरार्डी याने अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझला, म्हणजे दहा वर्षांसाठी २७.५ कोटी डॉलर्सचा करार असलेल्या माणसाला बसवलं आणि ४० वर्षांच्या राउल इबान्येझला पाठवलं. खोलीत आरडाओरडा. इबान्येझने ओरिओल्सचा पिचर (चेंडू टाकणारा) जिम जॉन्सनला होम रन मारून, म्हणजे चेंडू कुंपणापार धाडून, बरोबरी साधली. बाराव्या इनिंगमध्ये समोर डावखुरा पिचर ब्रायन मॅटस आला. इबान्येझही डावखुरा, आणि डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर सहसा जड जातो. एक पाहुणे ओरडले, "अहो, आता रॉड्रिगेझला परत आणा की!" आणता येत नाही. नवव्या इनिंगमध्ये जिरार्डीने हीच किंमत मोजली होती, आणि ती जाणूनबुजून मोजली होती. इबान्येझने मॅटसलाही होम रन मारला आणि यांकीज ३-२ ने जिंकले. शिव्या देणारेच आता जिरार्डीला डोक्यावर घेऊन नाचू लागले.

निकाल बघून निर्णयाला मार्क देणं. याची मला खरोखर चीड आहे. जिरार्डीचा निर्णय चेंडू टाकला जाण्याआधीच बरोबर होता: जॉन्सन उजव्या हाताचा, रॉड्रिगेझ त्या मालिकेत चाचपडत होता, आणि बाकावर ताकदीचा डावखुरा तयार होता. चेंडू कुंपणाच्या आत पडला असता तरी माझं मत तेच राहिलं असतं.

उलट २००६ घ्या. डेट्रॉइट टायगर्सविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतल्या चौथ्या सामन्यात यांकीजचा तेव्हाचा मॅनेजर जो टॉरे याने याच रॉड्रिगेझला आठव्या क्रमांकावर खेळवलं. त्या मोसमात त्याने ३५ होम रन मारले होते. यांकीज ३-८ ने हरले, मालिका संपली, आणि लोक अजून म्हणतात की आठव्या क्रमांकामुळे हरले. चूक! टायगर्सचा पिचर जेरेमी बॉन्डरमनने पहिल्या पाच इनिंग्जमध्ये एकालाही बेसवर पोहोचू दिलं नाही. क्रम कसाही लावला असता तरी त्या दिवशी फार फरक पडला नसता. १६२ सामन्यांच्या मोसमात एक क्रमांक खाली आलं की साधारण १५ ते २० पाळ्या कमी मिळतात, मग एका सामन्यात असा किती फरक पडणार? तरीही टॉरेचा निर्णय मला पटत नाही. बॅट तीच, पिचर तोच, हातात काही आलं नाही. फक्त आपल्या सर्वोत्तम बॅटरला जगासमोर खाली दाखवलं.

म्हणून लाइनअप हाती आली की मी आधी एवढंच बघते: या बदलातून मिळालं काय, आणि दिलं काय? उत्तर सामना सुरू होण्याआधी ठरवायचं. नंतर नाही.

"याने या पिचरला पाचात तीन हिट मारलेत." पाच पाळ्यांवरून काहीही ठरत नाही. सोडून द्या.

पिचर कोणत्या हाताचा आहे हे न बघता बोलणं. आधी ते बघा, मग तोंड उघडा. अर्धे 'धक्कादायक' निर्णय तिथेच उलगडतात.

नियम आणि मैदान विसरणं. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, शिकागो कब्जचा मॅनेजर जो मॅडन याने एप्रिलपासून गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर असलेल्या काइल श्वार्बरला थेट क्लीव्हलँडमध्ये खेळवलं. तिथे डेजिग्नेटेड हिटर, म्हणजे पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू, चालत होता, त्यामुळे त्याला फक्त बॅटिंग करायची होती. शिकागोतल्या सामन्यांत ती सोय नव्हती आणि डॉक्टरांनी त्याला फील्डिंगची परवानगी दिली नव्हती, म्हणून तिथे तो सुरुवातीच्या लाइनअपमध्ये नव्हता. "फॉर्ममधला माणूस का बसवला?" असं विचारणाऱ्यांनी एवढंही पाहिलं नव्हतं. २०२२ पासून अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये डेजिग्नेटेड हिटर आहे, तेव्हा जुन्या सामन्यांवर वाद घालताना वर्ष तपासून घ्या.