बाल्कनीतल्या कोवळ्या बोन्सायसाठी पावसाळी सल्ला

मृग लागला की पणजी-मडगावच्या फ्लॅटमधल्या बोन्सायची दोन्हीकडून परवड होते. कठड्याजवळची कुंडी झडीने रात्रंदिवस भिजते, आणि दोन हात आत भिंतीलगतची कुंडी, बाहेर धो धो कोसळत असतानाही, कोरडी ठणठणीत. म्हणून ‘पाऊस आहे, पाणी कशाला?’ हा हिशेब इथे धरू नका. बांबूची काडी मातीत दोन इंच खुपसा, दहा मिनिटांनी काढा. ओलसर निघाली तर पाणी नको. कोरडी असेल तर तळातून वाहीपर्यंत द्या.

कठड्याजवळच्या झाडाला मारते ते साचलेले पाणी. गोव्यात पावसाळ्यात सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडतो. तेवढ्यात नुसती तांबडी माती घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. विटेचे किंवा चिऱ्याचे मुगाएवढे तुकडे दोन भाग, नदीची जाड वाळू एक भाग, मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग घ्या. तुकड्यांतली धूळ चाळून टाकाच. कंटाळवाणे काम आहे, पण निचरा त्यावरच ठरतो. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते, तरी आणू नका. तिच्यात मीठ असते.

रोप कोवळे असताना उथळ ट्रेचा मोह आवरा. खोड जाड व्हायला मुळांना जागा लागते, तेव्हा पहिली काही वर्षे सहा-आठ इंची साधी कुंडीच बरी. वड, उंबर, नांद्रुक, चिंच, बोगनवेल इथे छान येतात. वडा-पिंपळाचे रोप तर विकत घेऊच नये: जुन्या गडग्याच्या भेगांत पावसात हवी तेवढी उगवतात, फक्त मूळ न तोडता अलगद सोडवा. अडेनियम आणि जेड मात्र झडीपासून आत ठेवा. जुनिपरला हिवाळ्याची थंडी लागते. दुकानात कितीही देखणे दिसले तरी इथल्या दमट उष्म्यात ते झुरते.

वडवर्गीय झाडांची कुंडी बदलायला जून-जुलै उत्तम. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त मुळे छाटू नका, आणि झाड तळाच्या भोकांतून तार ओवून कुंडीला बांधा, नाहीतर वाऱ्याने हलून नवी मुळे तुटतात. फांद्यांना गुंडाळलेली ॲल्युमिनियमची तार दर आठवड्याला तपासा. या दिवसांत फांदी भराभर फुगते आणि तार सालीत रुतते. काढताना उलगडू नका, तुकडे करून कापा.

कुंडीखालच्या ताटल्या सरळ उचलून ठेवा. त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्याभरात तयार होतो.

चवथीला गावी जाताना कुंड्या कठड्यावरून खाली घ्या. आतल्या कुंड्या ट्रेमधल्या ओल्या जाड वाळूवर ठेवा. वाळू भिजेल एवढेच पाणी घाला, वर तरंगू देऊ नका. चार-पाच दिवस निभावतात. मुक्काम लांबणार असेल तर शेजाऱ्यांकडे किल्ली द्या आणि काडीची युक्ती समजावून सांगा, नाहीतर ते मायेपोटी रोज पाणी ओततील.