नव्या व्हायोलिनमधून आवाजच येत नाही?

नवं व्हायोलिन आणलं, गज तारांवर फिरवला आणि नुसती फुसफुस ऐकू आली, तर लगेच दुकानात धावू नका. बहुतेक वेळा गजाला रोझिन लागलेलं नसतं, एवढंच. गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे. कोरडे असले की तारेवरून घसरतात. रोझिन म्हणजे पाइनच्या झाडाची राळ. ती लागली की केस तारेला धरतात, सोडतात, पुन्हा धरतात आणि तार बोलू लागते.

मेख अशी, की रोझिनची नवी वडी काचेसारखी गुळगुळीत असते. गज कितीही घासा, काही लागत नाही. आधी बारीक पॉलिश पेपरने वरचा थर खरवडा. पांढरी भुकटी दिसली की गज मुठीपासून टोकापर्यंत सावकाश फिरवा. कोऱ्या गजाला असे 40-50 हात तरी हवेत. पुढे रोजचे 4-5 पुरतात. जास्त झालं की आवाज खरखरतो.

केसांना बोट लावायचं नाही, ते तेलकट होतात. (घरात लहान मूल असेल तर शुभेच्छा!) वाजवून झाल्यावर गजाचा स्क्रू सैल करा आणि तारांखालची भुकटी सुती फडक्याने पुसा, साचली की पॉलिशला चिकटून बसते.