विद्यार्थ्यांचं संशोधन नियतकालिक: पहिला अंक काढताना

वर्षाला एकच अंक, त्यात पाच-सहा लेख, प्रत्येकी अडीच ते तीन हजार शब्दांचे. एवढंच ठरवा. हौसेनं सहामाही जाहीर केलं की दुसऱ्या अंकाला लेख पुरत नाहीत, मग कविता घुसतात आणि कॉलेजचा नेहमीचा वार्षिकांक तयार होतो.

वेळापत्रक शेती बघून आखा. लेखांचं आवाहन पेरण्या आटोपल्यावर, जुलैत. लेख सप्टेंबरअखेर घ्या. पुढे सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, दिवाळी आणि हिवाळी परीक्षा एकावर एक येतात. त्या दिवसांत लेख ते तपासणाऱ्या परीक्षकांकडे असू द्या. मुलांकडून दुरुस्त्या जानेवारीत, अंक फेब्रुवारीत. संपादक मंडळात निम्मी मुलं भाग दोनची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची हवीत, नाहीतर फायनलची बॅच गेली की पासवर्डही जातो.

प्रत्येक लेखाला दोन परीक्षक: एक दुसऱ्या कॉलेजचे त्या विषयाचे प्राध्यापक, एक एम.ए. किंवा एम.एस्सी.चा विद्यार्थी. लेखाचे मार्गदर्शक परीक्षक नकोत. लेख कुणाचा हे परीक्षकाला कळू नये म्हणून नाव झाकायचं, पण झाकणं म्हणजे पहिल्या पानावरचं नाव खोडणं नव्हे. फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव राहतं, आभारात मार्गदर्शकांचं. शिवाय कोणत्या गावाहून कोण एसटीनं येतं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून परीक्षणापुरतं ‘गाव क’ लिहा. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांची नावं मात्र छापतानाही बदला. आत्महत्याग्रस्त कुटुंबाबद्दल लेख असेल तर गावाचं नाव, जमिनीचा आकडा आणि तारीखही काढा. तीन खुणा जुळल्या की घर ओळखू येतं.

परीक्षकाला ‘चांगला आहे’ लिहायला जागाच ठेवू नका. प्रश्न कोणता, माहिती कुठून, निष्कर्ष त्या माहितीतून निघतो का, एवढेच रकाने द्या. आपल्या गल्लीतली ३० घरं विचारून ‘विदर्भातील शेतकरी’ असं शीर्षक देणं ही नेहमीची चूक. दुसरी एककांची: शेतकरी एकरी क्विंटलमध्ये सरकीसकट कापूस सांगतो, सरकारी आकडा हेक्टरी किलोमध्ये रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा असतो. एकरी ८ क्विंटल म्हणजे हेक्टरी जवळपास २० क्विंटल कापूस, आणि त्यातली रुई साधारण एक-तृतीयांश, म्हणजे ६६० किलोच्या आसपास. हे न बदलता तुलना केली की सगळा तक्ता वाया.

टायपिंग युनिकोडमध्येच मागा. तालुक्याच्या टायपिंगवाल्याकडून कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली फाइल आलीच, तर रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरापुढची ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासा. नेमकी तिथंच मोडतोड होते.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मोफत मिळतो. पैसे मागणाऱ्या दलालाला हाकला. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगळे क्रमांक लागतात, आणि नाव बदललं की क्रमांकही नवा, म्हणून नावाचा वाद अर्जाआधीच मिटवा. छापणार असाल तर पानं १६ च्या पटीत बसवा. ६४ पानं म्हणजे छपाईचे १६ पानी चार फॉर्म. ६६ झाली तर प्रेसवाला पाचव्याचे पैसे लावेल.