लंडनला कशाला गेले भांडायला? : सार्वभौमत्वाचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

गुहागरहून अंजनवेलला गेलं की गोपाळगडाजवळ तो वीजप्रकल्प लागतो. नाव त्याचं दाभोळ, पण दाभोळ गाव खाडीच्या पलीकडे. एम.ए.च्या पहिल्या वर्षी दिवाळीत मी मावशीकडे गेले होते. ‘आंतरराष्ट्रीय संबंध शिकते’ असं कळल्यावर शेजारच्या आजींनी मला विचारलं, “सरकार आपलं, जमीन आपली, वीज आपल्याला. मग भांडायला लंडनला कशाला गेले?”

मला उत्तर देता आलं नाही. सार्वभौम राज्याच्या कल्पनेची सुरुवात मानला जाणारा वेस्टफालियाचा १६४८ चा तह मला पाठ होता. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २(७), म्हणजे अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याचं, तेही पाठ होतं. ‘बहुराष्ट्रीय कंपन्या, जागतिक बँक आणि नाणेनिधी यांमुळे राज्याचं सार्वभौमत्व क्षीण होत आहे’ हे वाक्य मी परीक्षेत कितीदा लिहिलं असेल. पण आजींच्या प्रश्नापुढे त्यातलं काहीच कामाला येईना. या विषयात नव्याने येणाऱ्या मुलांना मी आज जे सांगते, ते त्या प्रश्नाचा माग काढताना शिकले.

मागचा तपशील थोडक्यात असा. जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आणि एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी यांच्यात या प्रकल्पासाठी सामंजस्य करार झाला. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला, तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीज खरेदी करार झाला. राज्य सरकारने हमी दिली आणि केंद्राने त्यावर प्रतिहमी दिली, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्र देईल. १९९५ मध्ये राज्यात नवं सरकार आलं, त्याने ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं आणि कंपनीने लंडनमध्ये लवादाची, म्हणजे न्यायालयाबाहेर पंचांपुढे दाद मागण्याची, कारवाई सुरू केली. काही महिन्यांतच पुन्हा वाटाघाटी होऊन २०१५ मेगावॉटचा प्रकल्प २१८४ मेगावॉटचा होऊन परत आला. १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. दर डॉलरशी बांधलेला होता, त्यामुळे रुपया घसरला की बिल चढायचं. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

म्हणजे आजींच्या प्रश्नाचं उत्तर करारातच होतं. वाद झाला तर तो लंडनमध्ये लवादापुढे जाईल, हे कलम आपल्या बाजूच्या सहीने मान्य झालेलं होतं. बाहेरच्या कुणी येऊन ते आपल्यावर लादलं, असं म्हणून सुटता येत नाही. सही करणं हीदेखील सार्वभौम राज्याचीच कृती असते. राज्य एका दिवशी आपल्या अधिकारात सही करतं आणि पुढची वीस वर्षं त्या सहीने स्वतःचे हात बांधून घेतं. या विषयातला सगळा ताण मला इथे दिसतो. म्हणून माझा पहिला सल्ला हा, की ‘सार्वभौमत्व क्षीण झालं’ असं लिहिण्याआधी सही कुणाची, कोणत्या तारखेची आणि कोणत्या कलमाखाली ते शोधा.

यातला सगळ्यात शिकवणारा भाग एन्रॉन बुडाल्यानंतरचा आहे आणि विद्यार्थी नेमका तोच वगळतात. प्रकल्पात जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचेही भाग होते आणि त्यांची गुंतवणूक मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत आलेली होती. भारत आणि मॉरिशस यांच्यात १९९८ मध्ये गुंतवणूक संरक्षण करार झाला होता. त्या कराराच्या आधारे २००३ मध्ये दावा उभा राहिला, तोही वीज मंडळावर किंवा महाराष्ट्रावर नव्हे, तर थेट भारतावर. पुढे अमेरिकी सरकारची गुंतवणूक विमा संस्था ओपिक हिने भरपाई दिली आणि २००४ मध्ये खुद्द अमेरिकेने भारताविरुद्ध लवाद मागितला. २००५ मध्ये तडजोडी झाल्या आणि प्रकल्प एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवरकडे गेला.

हे मी पहिल्यांदा मांडलं, ते एका पाठकोऱ्या कागदावर. मधोमध वीज मंडळ, वर मुंबई, त्याच्या वर दिल्ली, डावीकडे मॉरिशस, त्यापलीकडे वॉशिंग्टन, आणि कागदाच्या तळाशी अंजनवेल, वेलदूर. ज्या ज्या दोघांमध्ये करार होता त्यांच्यात रेघ ओढली. तळाच्या गावांकडून एकही रेघ निघाली नाही. इतक्या करारांत ती कुठेच पक्षकार नव्हती. तो कागद अजून माझ्याकडे आहे. तुम्हीही कोणतंही प्रकरण घेतलंत तर आधी असा कागद करा. वाचनाला त्यानंतर बसा.

गावांचा आवाज बाहेर गेला तो वेगळ्या वाटेने. प्रकल्पाला विरोध करणाऱ्या आंदोलकांवरच्या पोलिसी कारवाईबद्दल अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ मध्ये आणि ह्युमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये अहवाल काढले. याही बाहेरच्याच संस्था. मग त्यांनीही सार्वभौमत्वाला आव्हान दिलं म्हणायचं का? माझ्या मते दिलं, आणि ते योग्य होतं. कंपनी बाहेरची म्हणून वाईट आणि मानवाधिकार संस्था बाहेरची म्हणून हस्तक्षेप करणारी, असा एकच शिक्का सगळ्यांवर मारला की विचार तिथेच थांबतो. बाहेरून येणारा कुणासाठी बोलतो आणि कुणाला उत्तरदायी आहे, हे प्रत्येक वेळी नव्याने पाहावं लागतं.

यासाठी दाभोळच्या जोडीला सरदार सरोवर वाचा. जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. आंदोलनाच्या दबावामुळे बँकेनेच ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. समितीचा अहवाल १९९२ मध्ये आला आणि त्यात पुनर्वसनावर कडक ताशेरे होते. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज घेणार नाही असं कळवलं. त्याच वर्षी बँकेने तक्रारी ऐकण्यासाठी तपासणी मंडळ स्थापन केलं. म्हणजे नर्मदाकाठच्या माणसांनी वॉशिंग्टनमधल्या संस्थेचे नियम बदलायला लावले. पण बँक बाहेर पडल्यावर धरण थांबलं नाही. राज्यांनी ते आपल्या बळावर पुरं केलं आणि अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली पाण्याखाली गेलं. परकी बँक गेली, सार्वभौमत्व शाबूत राहिलं, आणि गाव बुडालं. राज्याचं सार्वभौमत्व आणि लोकांचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कोणत्याही सिद्धांतापेक्षा मणिबेलीने जास्त नीट समजावलं.

आता वाचनाविषयी. करार वाचताना सुरुवातीची गोड वाक्यं सोडून सरळ ‘गुंतवणूक’ या शब्दाच्या व्याख्येवर जा. तिथून वाद निवारणाच्या कलमावर, आणि मग ‘मोस्ट फेव्हर्ड नेशन’ कलमावर, म्हणजे दुसऱ्या देशाला दिलेली जास्त चांगली वागणूक या देशालाही मिळेल, असं सांगणाऱ्या कलमावर. या शेवटच्या कलमाची ताकद मला व्हाइट इंडस्ट्रीज प्रकरणात कळली. या ऑस्ट्रेलियन कंपनीला कोल इंडियाविरुद्ध २००२ मध्ये लवादाचा निवाडा मिळाला होता, पण आपल्या न्यायालयांत तो वर्षानुवर्षं रखडला. कंपनीने भारत-ऑस्ट्रेलिया कराराखाली दावा लावला. दाद मागण्याची ‘परिणामकारक साधनं’ देण्याची हमी त्या करारात नव्हती, ती भारत-कुवेत करारात होती. मोस्ट फेव्हर्ड नेशन कलमाच्या पुलावरून ती हमी कुवेतच्या करारातून ऑस्ट्रेलियाच्या करारात आली आणि २०११ मध्ये भारत हरला. दोन्ही करार शेजारी ठेवून हे प्रकरण वाचा. एक दुपार जाईल, पण एका ओळीचं वजन कळेल.

राज्य नुसतं मार खात बसत नाही, हेही बघा. पूर्वलक्षी कराच्या, म्हणजे मागच्या तारखेपासून लावलेल्या कराच्या, वादात २०२० मध्ये व्होडाफोन आणि केर्न या परदेशी कंपन्यांच्या दोन्ही प्रकरणांत निवाडे भारताविरुद्ध गेले आणि २०२१ मध्ये संसदेने ती कर-आकारणी कायदा करून मागे घेतली. तोवर भारताने गुंतवणूक करारांचा २०१५ चा नवा आदर्श मसुदा, म्हणजे पुढच्या करारांसाठीचा नमुना, आणून जुन्या करारांपैकी बहुतेक संपवण्याच्या नोटिसाही दिल्या होत्या. नव्या मसुद्यात गुंतवणूकदाराला आधी किमान ५ वर्षं इथल्या न्यायालयांत दाद मागावी लागते. मोस्ट फेव्हर्ड नेशन कलम त्यातून काढूनच टाकलं आहे. पराभवातून राज्य स्वतःला कसं घडवतं, ते इथे ओळीओळीत दिसतं.

करिअरचं विचाराल तर प्राध्यापकी आणि प्रशासकीय सेवा या दोनच वाटा आहेत असं समजू नका. लवादाचं काम करणाऱ्या वकिली संस्थांना, धोरण संशोधन केंद्रांना आणि सामाजिक संस्थांना करार वाचू शकणारी माणसं लागतात. कायद्याची पदवी असेल तर उत्तमच. राज्यशास्त्राच्या मुलांनी निदान राज्यघटनेतलं कलम २५३, म्हणजे आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी संसदेला कायदे करण्याचा अधिकार देणारं, आणि करार कायद्याची मूलतत्त्वं पक्की करावीत. करारावर सही करण्याआधी सरकारला संसदेची संमती घ्यावी लागत नाही, हे पुष्कळ पदवीधरांना ठाऊकच नसतं. कागदपत्रांसाठी पैसे लागत नाहीत. अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकासविषयक संस्थेच्या संकेतस्थळावर गुंतवणूक करारांचे मजकूर आहेत आणि जागतिक व्यापार संघटनेचे निवाडेही खुले आहेत. इंग्रजीची भीती वाटत असेल तर प्रत्येक कलम आपल्या मराठीत वहीत उतरवून काढा. मी दोन वर्षं तेच केलं. ज्या कलमाचं मराठी जमत नव्हतं ते मला कळलेलंच नव्हतं, असं दर वेळी निघालं.

पहिला गृहपाठ म्हणून २०१५ चा आदर्श मसुदा आणि संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा २०२४ चा गुंतवणूक करार घ्या. मसुद्यातली ५ वर्षांची अट या करारात ३ वर्षांवर आली आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवा, आणखी कुठे कुठे शब्द बदलले त्यावर पेन्सिलने खुणा करा, आणि प्रत्येक खुणेपुढे लिहा: हे कुणी मागितलं असेल?