वणव्यात घर गेलंय? मृगाच्या आधीची तयारी

पहिलं म्हणजे राख उचलायची घाई करू नका. पाटणकडं आमच्या मामाचं घर वणव्यात गेलं तेव्हा पोरांनी दोन दिवसात सगळा राडा साफ केला आणि मग पंचनाम्याला तलाठी आले तर दाखवायला काय, नुसतं जोतं! आधी चारी बाजूंनी फोटो, मग पंचनामा, आणि घराचा नमुना 8 चा उतारा जळाला असेल तर ग्रामपंचायतीतनं नवीन काढा.

उभ्या राहिलेल्या दगडी भिंती हातोडीनं वाजवून बघा, खणखणीत वाजला तर दगड ठीक, बद्द वाजला तर आतनं तडकलाय, तेवढा भाग उतरवा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक, तुकडे पाणी मारून, मास्क बांधून उचला, झाडू मारू नका.

आता छप्पर, खरा पैसा इथंच घाला. मामाच्या घरापर्यंत जाळ आलाच नव्हता, डोंगर वर पेटलेला, वाऱ्यानं ठिणग्या आल्या आणि कौलाखालच्या फटीतनं माळ्यावरच्या पिंजरात, म्हणजे पेंढ्यात पडल्या. आणि हेच छप्पर एप्रिलमध्ये घर भट्टीसारखं तापवतं, म्हणजे एका खर्चात दोन कामं होतात. पत्रा टाकणार असाल तर खाली रॉकवूल म्हणजे दगडापासनं केलेली लोकर घाला, ते जळत नाही. थर्माकोल अजिबात नको, आणि पफ पॅनेलवाला कितीही गारवा सांगू दे, आतला फोम पेटतो का ते आधी विचारा. हवेच्या फटी बुजवू नका, बारीक लोखंडी जाळी लावा, नायलॉनची मच्छरजाळी वितळते.

इको निवास संहिता नावाचा घरांच्या ऊर्जा बचतीचा सरकारी कोड 2018 पासून आहे, आला तेव्हा तो 500 चौरस मीटर म्हणजे साधारण पाच गुंठे आणि त्यापुढच्या प्लॉटसाठी होता, आपल्या दीड-दोन गुंठ्यातल्या घराला सक्ती नाही. पण त्यातला खिडकीचा हिशोब उचलण्यासारखा आहे, समशीतोष्ण भागात उघडणारी जागा खोलीच्या जमिनीच्या साडेबारा टक्के, म्हणजे 10 बाय 12 च्या खोलीला 3 बाय 5 ची एक खिडकी पूर्ण उघडली पाहिजे. स्लायडिंग घेतली तर निम्मीच उघडते, गवंड्याला हे आधीच सांगा. अमेरिकेत कोलोरॅडोत 30 डिसेंबर 2021 च्या मार्शल फायरमध्ये हजारावर घरं गेली, तिथल्या लुईसव्हिल गावात नव्या ऊर्जा कोडचा खर्च परवडत नाही म्हणून लोक भांडले आणि नगरपालिकेनं जुन्या कोडवर बांधायची सूट दिली. त्यांचंही चूक नाही म्हणा, घर गेलेल्या माणसाला आधी छप्पर पाहिजे असतं.

वाळू-खडी एप्रिलमध्येच टाकून घ्या, वळीव सुरू झाला की डंपर वर चढत नाही.

शेवटचं, वळचण मोकळी ठेवा. भिंतीपासून पाच फूट लाकडं, गोवऱ्या, वैरण काहीच नको, आणि वरच्या अंगाला जाळरेषा, म्हणजे गवत काढलेला मोकळा पट्टा, फेब्रुवारीच्या आत काढा, कारण जाळलं की गवत चांगलं येतं म्हणणारे महाभाग गावात अजून आहेत. मामानं गंजी आता परड्याच्या पार टोकाला रचलीय, पावसात वैरण आणताना मामी रोज त्याचा उद्धार करते.