सीमाभागात पत्रिका जुळवताना: आधी नक्षत्र, मग गुण

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात सोयरीक ठरवताना घोळ होतो तो गुणांच्या बेरजेत कमी, नक्षत्र लिहून घेताना जास्त. गुणमेलनाचं कोष्टक उघडण्याआधी दोन्हीकडून जन्मतारीख, वेळ, गाव, नक्षत्र आणि चरण (नक्षत्राचा चौथा भाग) कागदावर मागून घ्या.

कन्नड जातकात (पत्रिकेत) 'पुब्बा' म्हणजे पूर्वा फाल्गुनी, 'मखा' म्हणजे मघा. नुसतं 'उत्तरा' मात्र चालवून घेऊ नका. नक्षत्रांचे आद्य, मध्य, अंत्य असे तीन गट म्हणजे नाडी; दोघांची नाडी एक नको. उत्तरा फाल्गुनीची नाडी आद्य, उत्तराषाढेची अंत्य, उत्तरा भाद्रपदेची मध्य. इथे चुकलं की थेट 8 गुण हलतात.

पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. दाखल्यावर मंगळवार पहाटे 2 असेल, तर ती वेळ सोमवारच्या ओळीत पाहायची. तिथे छापलेली वेळ नक्षत्र संपण्याची असते. जन्म त्यानंतरचा असल्यास पुढचं नक्षत्र. कोकणाकडची पत्रिका कधी टिळक पंचांगावरची निघते. त्याच्या आणि इतर पंचांगांच्या अयनांशात (राशिचक्राची सुरुवात जिथे धरतात त्या अंशात) सुमारे 4 अंशांचा फरक आहे, आणि चरण असतो 3 अंश 20 कलांचा. म्हणून दोन्ही पत्रिका एकाच पंचांगावरून काढाव्यात. एकाची वेळ ठाऊक नसेल तर दोघांचंही नक्षत्र नावाच्या पहिल्या अक्षरावरून पाहा. एकाचं जन्मनक्षत्र आणि दुसऱ्याचं नावाचं, हा मेळ धरू नये.

आता गुण. वर्ण 1, वश्य 2, तारा 3, योनी 4, ग्रहमैत्री 5, गण 6, राशिकूट 7, नाडी 8. एकूण 36, किमान 18. पहिली दोन फार ताणू नयेत. तारा पाहताना वधूच्या नक्षत्रापासून वराच्या नक्षत्रापर्यंत, दोन्ही धरून, मोजा आणि 9 ने भागा. बाकी 3, 5 किंवा 7 आली तर अशुभ. मग वराकडून वधूकडे तसंच; प्रत्येक बाजूचा दीड गुण. पहिलं नक्षत्र मोजायचं राहून जातं, ही नेहमीची चूक. षडाष्टकात (एकाची रास दुसऱ्याच्या राशीपासून सहावी किंवा आठवी असताना) राशिकूटाचे 7 गुण जातात, पण मेष-वृश्चिक किंवा वृषभ-तूळ असेल तर राशिस्वामी एकच, म्हणून ते प्रीतीषडाष्टक, म्हणजे चालणारं, धरतात. एकनाडीतही नक्षत्र एक आणि चरण वेगळे असतील तर बरेच गुरुजी दोष मानत नाहीत. (नाडी म्हणजे रक्तगट नव्हे, ती तपासणी प्रयोगशाळेतच करायची.)

कन्नड पद्धतीत यापुढे रज्जू, म्हणजे शरीराच्या भागांवरून पाडलेले नक्षत्रांचे पाच गट, पाहतात: पाद, कटी, नाभी, कंठ, शिर. दोघांचा रज्जू एक नको. वधू रोहिणी, वर शततारका घ्या. नाडीचे 8, राशिकूटाचे 7, ग्रहमैत्रीचे 5, म्हणजे तिथेच 20 गुण झाले. मराठी गुरुजी होकार देतील. पण दोन्ही नक्षत्रं कंठ रज्जूची, त्यामुळे पलीकडचे गुरुजी सुपारी फुटायच्या बेतात असतानाही नाही म्हणू शकतात. तेव्हा कन्नड घराशी बोलणी असतील तर रज्जू मानता का, हे पहिल्याच फोनवर विचारा.