गुडगाव-नोएडात फ्लॅट घेताय? आधी जमिनीचे कागद बघा, सॅम्पल फ्लॅट नंतर

पुण्या-मुंबईकडून बदली होऊन नाहीतर नवीन जॉब घेऊन इकडे दिल्लीजवळ आलेली आपली मंडळी वर्षभर भाड्याने राहिली की एकच विचारतात, गुडगावला घ्यावं का नोएडाला, आणि तेही घाईघाईने विचारतात कारण ब्रोकरने सांगून ठेवलेलं असतं की पुढच्या आठवड्यात रेट वाढतोय. रेट वाढलेत हे खरंच आहे. जानेवारी 2024 मध्ये डीएलएफने गुडगावच्या सेक्टर 77 मधल्या एका प्रोजेक्टचे 1,113 फ्लॅट तीन दिवसांत विकले, 7,200 कोटींचे, तेही काम सुरू असताना नाही तर लाँचलाच. असं मार्केट असलं की माणूस फ्लॅट बघायच्या आधीच चेक फाडतो, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितोय, कारण इथे फसलेल्या लोकांनी फ्लॅट नीट बघितलाच होता, बघितली नव्हती ती त्याच्याखालची जमीन.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की दोन्ही शहरं दिल्लीला चिकटून असली तरी राज्यं वेगळी आहेत. गुडगाव हरियाणात, नोएडा यूपीत. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्याच्या संरक्षणाचा कायदा, केंद्राचा आहे, दोन्हीकडे लागू आहे, पण जमिनीचा सगळा कारभार वेगळा.

नोएडाची जमीन बहुतेक करून अथॉरिटीची असते. 1976 ला नोएडा अथॉरिटी स्थापन झाली, पुढे ग्रेटर नोएडाची आणि यमुना एक्सप्रेसवेची वेगळी अथॉरिटी आली, आणि यांनी शेतकऱ्यांकडून जमीन घेऊन ती बिल्डरला 90 वर्षांच्या लीजवर दिली. म्हणजे तुम्हाला मिळतं ते सबलीज डीड, लीजवरच्या जमिनीचा पोटकरार, आणि त्यावर तीन सह्या असतात, अथॉरिटीची, बिल्डरची आणि तुमची. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट सांगतो. बिल्डरने जमिनीचे पैसे अथॉरिटीला थोडेसे भरले, बाकी हप्त्यांवर घेतले आणि पुढे ते हप्ते थकवले, तर अथॉरिटी सही करत नाही. तुम्ही पूर्ण पैसे भरलेत, राहायला गेलात, मुलं तिथल्या शाळेत जातायत, आणि तरी घर कागदावर तुमचं नाही. नोएडा-ग्रेटर नोएडात हजारो कुटुंबं अशी वर्षानुवर्षं राहिलीयत. अडकलेल्या प्रोजेक्टवर नेमलेल्या अमिताभ कांत समितीने 2023 ला अहवाल दिला, त्यानंतर डिसेंबर 2023 मध्ये यूपी सरकारने पॅकेज काढलं की बिल्डरने थकबाकीतले 25 टक्के आधी भरावेत म्हणजे रजिस्ट्री, म्हणजे फ्लॅटच्या डीडची नोंदणी, सुरू करू, तेव्हा कुठे काही सोसायट्यांचं गाडं हललं.

म्हणून नोएडात कुठलाही प्रोजेक्ट बघायला जायच्या आधी पहिला प्रश्न हाच, अथॉरिटीची थकबाकी किती आहे? सेल्सवाला म्हणेल सगळं क्लिअर आहे सर. त्याच्याकडे लेखी मागा. अथॉरिटी थकबाकीदार बिल्डरांची यादी वेळोवेळी काढते, ती शोधा, आणि त्या ग्रुपच्या जुन्या सोसायटीत जाऊन चार लोकांना विचारा की तुमची रजिस्ट्री झाली का. हा चौथा माणूस जे सांगतो ते कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं.

गुडगावला जमीन साधारणपणे फ्रीहोल्ड, म्हणजे लीजवरची नाही, मालकीची. तिथे बिल्डर शेतकऱ्याकडून जमीन घेतो किंवा त्याच्याबरोबर भागीदारी करतो आणि डीटीसीपी म्हणजे हरियाणाच्या टाउन प्लॅनिंग खात्याकडून लायसन्स घेतो. तिथे विचारायचं ते लायसन्स नंबर, ते कुणाच्या नावावर आहे, कधीपर्यंत व्हॅलिड आहे आणि ईडीसी भरलाय का. ईडीसी म्हणजे बाहेरचे रस्ते, पाणी, ड्रेनेज यासाठी सरकारला द्यायचा पैसा, तो तुमच्याकडून वसूल केला जातो पण पुढे सरकारकडे पोचलाच असेल असं धरून चालू नका. खूपदा लायसन्स जमीनमालकाच्या कंपनीच्या नावावर असतं आणि जाहिरात मोठ्या ब्रँडची असते, तेव्हा अॅग्रीमेंटवर नेमकं कोण सही करतंय आणि पैसे कोणाच्या अकाउंटला जातायत ते बघा.

एक सरळ नियम, गावठाणच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या स्वस्त बिल्डर फ्लोअरच्या, म्हणजे छोट्या बिल्डिंगमधल्या सुट्या मजल्यांच्या, नादी लागू नका. ग्रेटर नोएडा वेस्टमधलं शाहबेरी गाव आठवा, तिथलं भूसंपादन अलाहाबाद हायकोर्टाने 2011 ला रद्द केलं आणि सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं, मग त्याच जमिनीवर धडाधड बिल्डिंगा उठल्या आणि 17 जुलै 2018 ला रात्री दोन बिल्डिंगा कोसळून नऊ जण गेले. रेट निम्मा असतो त्याला कारण असतं.

आता रेरा. गुडगावसाठी हरियाणा रेराची गुरुग्रामची वेगळी अथॉरिटी आहे, नोएडासाठी यूपी रेरा. दोघांच्या वेबसाइटवर प्रोजेक्टचं पान उघडतं आणि लोक फक्त नंबर आहे ना एवढं बघून बंद करतात. तसं करू नका. प्रोजेक्ट पूर्ण करायची तारीख किती दिलीय ते बघा, ब्रोकर जी सांगतो त्यापेक्षा ती बहुतेकदा पुढची असते. तारीख आधी वाढवून घेतलीय का ते बघा, दर तिमाहीचे प्रोग्रेस रिपोर्ट भरलेत का, मंजूर नकाशात किती टॉवर आहेत आणि तुम्हाला दाखवलेल्या मॉडेलमध्ये किती. नोएडाच्या सेक्टर 93ए मधले सुपरटेक बिल्डरचे ट्विन टॉवर 28 ऑगस्ट 2022 ला पाडले ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, पण तो खटला मुळात शेजारच्या रहिवाशांनी लढवला होता कारण त्यांच्या नकाशातल्या मोकळ्या जागेवर टॉवर उभे राहिले होते. नकाशा फ्लॅट घ्यायच्या आधीच वाचायचा असतो.

प्री-लाँच नावाचा प्रकार इकडे फार चालतो. रेरा नंबर नाही, फक्त ईओआयचा, म्हणजे घ्यायची इच्छा आहे एवढं सांगणारा, चेक द्या, नंबर आला की अलॉटमेंट. रजिस्ट्रेशनच्या आधी जाहिरात करणं किंवा बुकिंग घेणं कायद्यात बसतच नाही, मग त्याला काहीही नाव द्या. आणि रजिस्ट्रेशन असलं तरी रजिस्टर्ड अॅग्रीमेंट झाल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त बिल्डर घेऊ शकत नाही. ब्रोकरचाही रेरा नंबर असतो, तो मागायला लाजू नका.

पैशाचा हिशोब जरा नीट मांडतो कारण महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे कार्पेटची, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेची, सवय लागलीय, इकडे अजूनही तोंडी भाव सुपर एरियावर, म्हणजे लॉबी-जिना-लिफ्टचा वाटा धरून, सांगतात. समजा 1,800 स्क्वेअर फुटाचा थ्री बीएचके, भाव 12,000, म्हणजे 2 कोटी 16 लाख. अॅग्रीमेंटमध्ये बघितलं तर कार्पेट 1,080. म्हणजे तुम्ही खऱ्या वापरायच्या जागेचा 20,000 रुपये भाव देताय. दोन प्रोजेक्टची तुलना करायची तर याच आकड्यावर करा, नाहीतर जो लोडिंग, म्हणजे कार्पेटवर चढवलेला हा वाटा, जास्त लावतो तोच स्वस्त वाटतो. मग त्यावर बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 10 लाख 80 हजार (कम्प्लिशन मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही). मग पीएलसी, म्हणजे पार्क समोर आहे, कॉर्नर आहे, वरचा मजला आहे याचे पैसे. क्लब मेंबरशिप, पार्किंग, पॉवर बॅकअपचे केव्हीए, आयएफएमएस म्हणजे मेंटेनन्सचं डिपॉझिट. बुकिंगच्या आधी पूर्ण कॉस्ट शीट मेलवर मागवा आणि त्यात 'पझेशनच्या वेळी लागू दराने' असं जिथे जिथे लिहिलंय तिथे आकडा लिहून घ्या.

स्टॅम्प ड्युटी हरियाणात शहरी भागात पुरुषाच्या नावावर 7 टक्के, बाईच्या नावावर 5, जॉइंट असेल तर 6. वरच्याच उदाहरणात बायकोच्या नावावर घेतलं तर 4 लाख 32 हजार वाचतात, हे घरी बसून आधी ठरवा, कारण नंतर नाव बदलायचं म्हणजे परत खर्च. महाराष्ट्रात अॅग्रीमेंटलाच पूर्ण स्टॅम्प ड्युटी भरून मोकळं होतो तसं इकडे नाही, मोठा भाग शेवटी कन्व्हेयन्स डीड (खरेदीखत) किंवा सबलीज डीडच्या वेळी लागतो, तोपर्यंत सर्कल रेट, म्हणजे आपल्याकडच्या रेडी रेकनरसारखे सरकारी भाव, वाढलेले असू शकतात, तर तेवढे पैसे बाजूला ठेवूनच बजेट करा. आणि किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यातून 1 टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचाय, बिल्डर नाही. रीसेलला विकणारा एनआरआय असेल, आणि गुडगावला असे खूप आहेत, तर टीडीएसचा नियम वेगळा आणि रक्कम बरीच मोठी, तिथे सीए पाहिजेच.

लोनबद्दल. 75 लाखांवरच्या लोनला बँक किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच देते, स्टॅम्प ड्युटी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे 2 कोटी 16 लाखाला 54 लाख घरचे आणि शिवाय स्टॅम्प ड्युटी घरची. 'पझेशनपर्यंत ईएमआय बिल्डर भरेल' ही सबव्हेन्शन स्कीम कुणी दिली तर हात जोडा आणि निघा. लोन तुमच्या नावावर असतं, बँकेने पैसे एकदम बिल्डरला दिलेले असतात, बिल्डरने ईएमआय थांबवला की वसुलीचे फोन तुम्हाला. एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात, हे इतकं झालं की 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने बिल्डर-बँक साटेलोट्याची सीबीआय चौकशी लावली. काम होईल तसा हप्ता जाणारा कन्स्ट्रक्शन लिंक्ड प्लॅनच घ्या. आणि 'अमुक बँकेने अप्रूव्ह केलंय' याला फार महत्त्व देऊ नका. नोएडातल्या आम्रपाली या बिल्डर ग्रुपचे 42,000 च्या वर ग्राहक होते, त्यातल्या कितीतरी जणांनी नावाजलेल्या बँकांचंच लोन घेतलं होतं, शेवटी 2019 ला सुप्रीम कोर्टाने कंपनीचं रेरा रजिस्ट्रेशन रद्द करून काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे दिलं तेव्हा घरं पूर्ण व्हायला लागली.

लोकेशनचे पैसे देताना जे आज आहे त्याचेच द्या. द्वारका एक्सप्रेसवेच्या नावावर 2010 च्या आसपासच लोकांनी बुकिंग केली, रस्त्याचा हरियाणातला भाग उघडला 11 मार्च 2024 ला आणि दिल्लीतला ऑगस्ट 2025 ला. मधली सगळी वर्षं भाडं पण आणि ईएमआय पण. ग्रेटर नोएडा वेस्टला मेट्रो येणार म्हणून कित्येक वर्षं फ्लॅट विकले गेले, नोएडाची मेट्रो, एक्वा लाइन, जानेवारी 2019 ला सुरू झाली पण ती सेक्टर 51 वरून ग्रेटर नोएडातल्या परी चौकाकडे गेली, वेस्टकडे नाही. जेवर एअरपोर्टचं भूमिपूजन नोव्हेंबर 2021 चं, त्यानंतर तारखा किती वेळा पुढे गेल्या ते बघितलंच असेल, आणि यमुना एक्सप्रेसवेवर शेतातले प्लॉट 'एअरपोर्टपासून दहा मिनिटं' म्हणून विकणारे लोक तेव्हापासून फिरतायत. तिथला भाव गजात सांगतात, एक गज म्हणजे 9 स्क्वेअर फूट, आपला एक गुंठा 121 गजांचा, एवढं लक्षात ठेवलं की डोक्यात भाव बसतो. पण प्लॉट अथॉरिटीच्या स्कीममधला नसेल तर भाव कितीही बरा वाटला तरी सोडून द्या.

साइट बघायला पावसाळ्यात जा, जुलै-ऑगस्टमध्ये, जोराचा पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन तासांनी. गुडगावमध्ये कोट्यवधींच्या सोसायटीच्या गेटपर्यंत जाणारा सेक्टर रोड गुडघाभर पाण्यात असतो हे त्याच दिवशी कळतं. बेसमेंटमध्ये उतरून भिंतींना ओल आहे का बघा. आणि एकदा रात्री जा, किती घरात दिवे लागलेत मोजा. अर्ध्याहून जास्त टॉवर अंधारात असेल तर तिथे गुंतवणूकवाल्यांनीच फ्लॅट घेतलेत, म्हणजे मेंटेनन्स थकणार आणि तुम्ही विकायला काढाल तेव्हा तेही सगळे एकदमच विकायला काढणार. पाणी टँकरचं का लाइनचं, ते वॉचमनला विचारा, सेल्स ऑफिसला नको.

रेडी किंवा रीसेल घेताना बांधकाम तपासायला स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या, हा खर्च वाचवू नका. गुडगावच्या सेक्टर 109 मधल्या चिंटेल्स पॅराडिसोत 10 फेब्रुवारी 2022 ला एका टॉवरमधले फ्लॅटचे स्लॅब एकाखाली एक कोसळले, दोन बायकांचा जीव गेला, आणि आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड सापडलं. जुनी पडकी बिल्डिंग नव्हती ती. स्लॅबच्या खालच्या बाजूला गंजाचे डाग, बाल्कनीच्या बीमला लांब चिरा, नुकताच फक्त एकाच छताला दिलेला रंग, हे डोळ्यांनाही दिसतं. पझेशनपासून पाच वर्षं स्ट्रक्चरल दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, तक्रार लेखीच करायची.

रीसेलचा बयाना देताना विकणाऱ्याच्या नावावर रजिस्ट्री आहे की नुसतं अलॉटमेंट लेटर आहे ते आधी. नोएडात रजिस्ट्री झालेल्या फ्लॅटलाही अथॉरिटीचं ट्रान्सफर मेमोरँडम, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करायची परवानगी, लागतं आणि त्याचे चार्जेस कोण भरणार हे बयान्याच्या कागदात लिहून घ्या. थोडी रक्कम कॅशमध्ये द्या म्हणणारे इकडे भेटतातच, स्पष्ट नाही म्हणा, ती रक्कम कुठल्याच कागदावर येत नाही आणि व्यवहार फिसकटला तर मागायला जागा राहत नाही.

पझेशनचं पत्र आलं की पेढे वाटायच्या आधी ऑक्युपन्सी सर्टिफिकेटची (ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) कॉपी मागा, तुमच्याच टॉवरची, आधीच्या फेजची नव्हे. 'फिट-आउट पझेशन' म्हणजे ओसी नसताना दिलेली चावी, ती घेतली की मेंटेनन्सचं मीटर सुरू होतं आणि उशिराचं व्याज मागायला गेलात की बिल्डर तीच तारीख पुढे करतो. हमीपत्रावर 'माझी काहीही तक्रार नाही' असं छापलेलं असतं, ते खोडून 'तपासणीतल्या यादीच्या अधीन' असं लिहून सही करा. आणि शेवटचा हप्ता सोडायच्या आधी मेल टाका की सबलीज किंवा कन्व्हेयन्स डीड कुठल्या तारखेला करून देणार. उत्तर फोनवर आलं तर त्याच संध्याकाळी 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे' म्हणून ती तारीख मेलमध्ये लिहून परत त्यांनाच पाठवा.